शहरांना जीएसटीचा वाटा घटनेतच लिहून दिला तर नगरपरिषदांचं भागेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: साठ हजार वस्तीची ‘ब’ वर्ग नगरपरिषद. पाण्याची मुख्य वाहिनी जुनी, सारखी फुटते. ती बदलायला साधारण ४० कोटी लागतील. नगरपरिषदेकडे ते नाहीत, त्यामुळे दर वेळी आमदार आणि पालकमंत्र्यांमार्फत मुंबईला खेटे घालावे लागतात. गावात सध्या ‘घटनादुरुस्ती करून शहरांना जीएसटीतला वाटा द्या’ या मागणीसाठी सह्या गोळा होताहेत. यानं खरंच फरक पडेल का, सही करावी का, आणि नसेल तर मागायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

सही जरूर करा. पण निवेदनात आज जेवढं लिहिलंय तेवढंच मिळालं, तर तुमची वाहिनी बदलली जाणार नाही. का, ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

पैसा कमी आहे हे खरंच. भारतातल्या सगळ्या महापालिका आणि नगरपालिकांचं एकूण उत्पन्न देशाच्या सकल उत्पन्नाच्या १ टक्क्याच्या आसपास अडकून पडलंय, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या अहवालात दाखवलं. ब्राझीलमध्ये ते ७ टक्क्यांच्या पुढे आणि दक्षिण आफ्रिकेत ६ टक्के आहे. पण नगरपरिषदेचं अंदाजपत्रक उघडून बसलं की रकमेच्याही आधी दुसरी गोष्ट खटकते. पुढच्या वर्षी किती पैसे येणार, हे खुद्द मुख्याधिकाऱ्यांना माहीत नसतं. सहायक अनुदानातून पगार निघतात. नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, जिल्हा नियोजन समिती यांचा निधी शासन निर्णयासोबत कामांची यादी घेऊनच येतो, आणि बऱ्याचदा मार्चअखेरीस येतो. त्या यादीत काय असावं हे नगरपरिषदेच्या सभागृहात ठरत नाही. म्हणून गावात सभामंडप होतात, पेव्हर ब्लॉक बसतात, स्वागतकमानी उभ्या राहतात, आणि जमिनीखालची वाहिनी तशीच राहते. तीन-चार वर्षं चालणारं काम हाती घ्यायचं तर तीन-चार वर्षांचा पैसा आधी दिसावा लागतो. आज तो दिसत नाही.

म्हणजे मागणी करताना तीन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात: किती मिळतं, ते नक्की मिळेल का, आणि कशावर खर्च करायचं हे कोण ठरवतं. जीएसटीच्या वाट्यानं पहिलीचं उत्तर मिळतं. दुसरीचं उत्तर तो वाटा कसा लिहिला जातो यावर अवलंबून आहे. तिसरीला तो हातही लावत नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट कबूल करायला हवी: हे उत्तर सगळ्या गावांना सारखं लागू नाही. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी स्वतःचं उत्पन्न भरपूर आहे, तिथे भांडण अधिकारांचं आहे. शेजारी एमआयडीसी असलेल्या गावाला कामगारांची वस्ती सांभाळावी लागते, पण कारखान्यांची घरपट्टी मात्र हद्दीबाहेर राहते. पंढरपुरात लोकसंख्या लाखभर आणि आषाढीला येणारे कित्येक लाख, तिथे जनगणनेवर आधारलेलं कुठलंही सूत्र तोकडं पडतं. आणि ज्या गावाची वस्ती गेल्या पंधरा वर्षांत दुप्पट झाली, त्याला २०११ च्या डोक्यांवर अनुदान मिळतं. खालचं सगळं मी मध्यम आकाराच्या, औद्योगिक पाठबळ नसलेल्या नगरपरिषदेला धरून लिहितोय.

घटनेनं आत्ता काय दिलंय ते पाहू. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिनं नगरपालिकांना अस्तित्व दिलं: पाच वर्षांची मुदत, मुदत संपण्याआधी निवडणूक, आरक्षण, राज्य निवडणूक आयोग. बाराव्या अनुसूचीत १८ विषयांची यादी दिली, त्यात पाणीपुरवठा आहे, रस्ते आहेत, अग्निशमन आहे, नगररचनाही आहे. पण हे विषय आणि कर लावण्याचे अधिकार प्रत्यक्ष सोपवायचे की नाही, हे कलम २४३ डब्ल्यू आणि २४३ एक्स या दोन्ही ठिकाणी राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर सोडलं. केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या सातव्या अनुसूचीत संघसूची आहे, राज्यसूची आहे, समवर्ती सूची आहे. नगरपालिकांची सूची नाही. ‘स्थानिक शासन’ ही राज्यसूचीतली पाचवी नोंद आहे. कामाची यादी घटनेत, कामाचे पैसे राज्याच्या हातात, अशी ही रचना.

यावर उपाय म्हणून राज्य वित्त आयोग आणला गेला. दर पाच वर्षांनी राज्यपालांनी तो नेमायचा आणि राज्याच्या करांतला किती वाटा स्थानिक संस्थांना द्यावा हे त्यानं सुचवायचं. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात अनेक राज्यांत आयोग उशिरा नेमला जातो, त्याचा अहवाल त्याहून उशिरा येतो, आणि ‘कार्यवाहीचा अहवाल’ विधिमंडळात ठेवला की घटनेच्या दृष्टीनं सरकार मोकळं होतं. शिफारस स्वीकारलीच पाहिजे असं बंधन नाही. शेवटी पंधराव्या केंद्रीय वित्त आयोगाला अट घालावी लागली, की जी राज्यं मार्च २०२४ पर्यंत राज्य वित्त आयोगाबाबतचं घटनात्मक कर्तव्य पाळणार नाहीत त्यांचं स्थानिक संस्थांसाठीचं अनुदान थांबेल. घटनेतलं ‘दर पाच वर्षांनी’ पाळायला लावण्यासाठी अनुदान रोखण्याची धमकी लागली, यावरून काय ते समजा.

आता जीएसटी. सह्यांच्या निवेदनात ‘जीएसटीनं शहरांचं उत्पन्न काढून घेतलं’ असं बहुधा असेल. ते बरोबर आहे, पण अर्धवट. नगरपरिषदांची जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, त्याआधीच बंद होऊन बदल्यात सहायक अनुदान सुरू झालं होतं. महापालिकांमध्ये जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळलं गेलं, आणि मुंबईची जकात जीएसटी येईपर्यंत, म्हणजे १ जुलै २०१७ पर्यंत टिकली. जीएसटी आणणाऱ्या १०१ व्या घटनादुरुस्तीनं राज्यसूचीतली ५२ वी नोंद वगळली, म्हणजे जकातीचा घटनात्मक पायाच गेला. जाहिरात कराची ५५ वी नोंदही गेली. करमणूक कर तेवढा स्थानिक संस्थांपुरता शिल्लक ठेवला. तो वसूल करायचा तर राज्याचा कायदा हवा. आणि जीएसटी परिषदेत मतांचं वजन एक तृतीयांश केंद्राला, दोन तृतीयांश राज्यांना. ज्यांचा सगळ्यात मोठा कर या दुरुस्तीत गेला, त्या शहरांना तिथे खुर्चीच नाही.

पण याच घडामोडीत महाराष्ट्रात एक काम चांगलं झालं, आणि माझ्या मते सह्यांच्या मोहिमेनं त्याकडेच बोट दाखवायला हवं. राज्यानं २०१७ मध्ये स्थानिक संस्थांना भरपाई देण्याचा वेगळा कायदा केला. त्यात आधारवर्ष २०१६-१७ लिहिलं, दर वर्षी चक्रवाढीनं ८ टक्के वाढ लिहिली, आणि रक्कम दरमहा आगाऊ द्यायची असं लिहिलं. जुलै २०१७ मध्ये मुंबई महापालिकेला ६४७ कोटींचा पहिला धनादेश मिळाला. ८ टक्के चक्रवाढीनं रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते, म्हणजे महापालिकेच्या लेखाधिकाऱ्याला पाच वर्षांनंतर काय येणार हे आज कागदावर मांडता येतं. हे घडलं कारण आकडा, सूत्र आणि तारीख कायद्यात होती. नगरपरिषदांना जे मिळतं त्यातलं बरंचसं शासन निर्णयानं मिळतं. शासन निर्णय बदलायला एक सही पुरते. कायदा बदलायचा तर विधिमंडळात उभं राहून कारण सांगावं लागतं.

या भरपाईत एक खोटही आहे. पैसा नक्की आला, पण दर कमी-जास्त करण्याचा अधिकार गेला. नागरिकानं ‘कर का वाढवला’ म्हणून नगरसेवकाला विचारायचं कारणच संपलं. म्हणून नुसता वाटा मागू नये, त्याला स्वतःच्या करांची जोड हवीच, असं माझं मत आहे. आता हे आकड्यांत पाहू.

खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, तुमच्या गावचे नाहीत. तुमचे नोंदवहीतून काढून त्या जागी घाला. समजा ९,००० अर्ध्या इंची नळजोडण्या, वार्षिक ठोक पाणीपट्टी १,८०० रुपये. मागणी, म्हणजे आकारलेली एकूण रक्कम, झाली १ कोटी ६२ लाख. वसुली ६० टक्के धरली तर हातात ९७ लाख. खर्चाच्या बाजूला पंपांचं वीजबिल १ कोटी १० लाख, मजुरी आणि रसायनं ७० लाख, दुरुस्ती ४० लाख. एकूण २ कोटी २० लाख. दर वर्षी सव्वा कोटीची तूट, नवीन एक फूट वाहिनीही न टाकता.

घरपट्टीकडे या. नोंदीवर १४,००० मालमत्ता, सरासरी १,४०० रुपये, चालू मागणी १ कोटी ९६ लाख, वसुली ६५ टक्के म्हणजे १ कोटी २७ लाख. आता समजा फेरसर्वेक्षण केलं, वाढीव मजले आणि नव्या वस्त्या नोंदीवर आणल्या, मालमत्ता १७,००० झाल्या. चतुर्थ वार्षिक आकारणी, म्हणजे दर चार वर्षांची घरपट्टीची फेरआकारणी, वेळेवर करून सरासरी १,६५० वर गेली. मागणी २ कोटी ८० लाख. वसुली ८५ टक्क्यांवर नेली तर २ कोटी ३८ लाख. वाढ १ कोटी ११ लाख. पाण्याची तूट जवळजवळ भरून निघाली. हे सगळं घटनेला, दिल्लीला किंवा मुंबईला हात न लावता होण्यासारखं आहे, आणि दोन-तीन वर्षांत होतं.

पण वाहिनी? ४० कोटी कर्जाऊ घेतले, १५ वर्षांची मुदत, ८ टक्के व्याज, तर वर्षाचा हप्ता ४ कोटी ६७ लाख होतो. घरपट्टी कितीही नीट वसूल केली तरी हे झेपत नाही. निम्मं अनुदान मिळालं तरी उरलेल्या २० कोटींचा हप्ता २ कोटी ३४ लाख. वाढलेले १ कोटी ११ लाख तर पाण्याच्या तुटीतच गेलेत. म्हणजे चालू खर्च स्वतःच्या करातून निघू शकतो, निघालाच पाहिजे. भांडवली कामासाठी वरून पैसा लागतोच, आणि तो दर वर्षी नक्की येणारा लागतो. मर्जीनं मिळणाऱ्या अनुदानाच्या भरवशावर बँक कर्ज देत नाही. कायद्यानं ठरलेला मासिक हप्ता असेल तर तो वेगळ्या खात्यात वळता करून त्यावर कर्ज उभं करता येतं. पुणे महापालिकेनं जून २०१७ मध्ये पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी काढले, ते तिची घरपट्टी आणि वसुलीची नोंद दाखवता आली म्हणून. लहान नगरपरिषदेला तेवढं बळ नाही; तिला निश्चित वाट्याचा आधार हवा. घटनात्मक किंवा कायदेशीर हमी मागण्याचं माझ्या दृष्टीनं सगळ्यात भक्कम आर्थिक कारण हेच आहे.

मग घटनेत नेमकं काय बदलावं? मी मागणी चार मुद्द्यांपुरती ठेवली असती.

पहिला मुद्दा कलम २४३ एक्सचा. मालमत्ता कर, व्यवसाय कर, जाहिरात शुल्क आणि करमणूक कर हे नगरपालिकांचे आहेत असं स्पष्ट लिहावं. दराची खालची आणि वरची मर्यादा राज्यानं कायद्यानं ठरवावी, मधला दर सभागृहानं. राज्याला घरपट्टीत सवलत जाहीर करायची असेल तर तेवढी रक्कम राज्यानं भरून द्यावी. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी मिळाली, पुण्यात २०२३ मध्ये ४० टक्के सवलत पुन्हा लागू झाली. दोन्ही वेळा शिक्कामोर्तब राज्य मंत्रिमंडळानं केलं आणि खड्डा महापालिकेच्या जमेत पडला. सवलत योग्य की अयोग्य हा वेगळा वाद; पण घोषणा एकाची आणि बिल दुसऱ्याला, हे थांबायला हवं.

दुसरा मुद्दा वाट्याचा, आणि इथे निवेदनातली मागणी बदलायला हवी. फक्त राज्य जीएसटीचा वाटा मागू नका. राज्य जीएसटीचा ठरावीक टक्का दिला की तेवढंच दुसऱ्या योजनेतून कापून घेणं सरकारला सोपं असतं. मागायचा तर राज्याच्या एकूण स्वतःच्या कर-उत्पन्नाचा टक्का मागावा: जीएसटी, मुद्रांक, उत्पादन शुल्क, वाहन कर, सगळं मिळून. टक्का किती, हे घटनेत लिहू नये. ते राज्य वित्त आयोगानं सांगावं. पण अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत सरकारनं निर्णय घेतला नाही तर आयोगाची शिफारस आपोआप लागू होईल, एवढं मात्र घटनेत लिहावं. चालढकल महाग पडेल अशी रचना त्याशिवाय होत नाही.

तिसरा, कलम २७६. व्यवसाय कराची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये, १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीपासून तीच. पगाराच्या चिठ्ठीत महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात, ते हेच. महाराष्ट्रात हा कर राज्य गोळा करतं. रुपयांचा आकडा घटनेत लिहिल्यामुळे तो वाढवायलाही घटनादुरुस्ती लागते. आकडा काढून ‘संसद कायद्यानं ठरवील ती मर्यादा’ असं करणं पुरेसं आहे, आणि वाढीव रक्कम जिथे काम केलं त्या शहराला जावी.

चौथा निवडणुकांचा. कलम २४३ यू मुदतीबद्दल अगदी स्पष्ट आहे, तरीही मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक राहिला, कारण आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले. प्रभागरचनेचा अधिकार पूर्णपणे राज्य निवडणूक आयोगाकडे दिला तर निदान एक पळवाट बंद होते. पैशाच्या चर्चेत हे कशाला, असं वाटेल. प्रशासकाच्या काळात दर वाढवायला कुणी धजावत नाही आणि कामं मात्र मंजूर होत राहतात. पुढच्या सभागृहाला त्याची बिलं भरावी लागतात.

कलम २८५ नुसार केंद्राच्या मालमत्तांना घरपट्टी माफ असते, त्याऐवजी सेवाशुल्क मिळतं. तुमच्या गावात मोठं रेल्वे आवार किंवा संरक्षण खात्याची जागा असेल तर तिचं सेवाशुल्क आकारलं जातंय का, एवढं बघा. त्यासाठी दुरुस्तीची गरज नाही.

आता बिघडतं कुठे. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेनं नगरपालिकांना संघराज्याचा घटक मानलं, सेवा कर आणि घरपट्टी त्यांना दिली, शिवाय केंद्रीय करांतून निश्चित वाटा दिला. पुढच्या दशकभरात हजाराहून अधिक नव्या नगरपालिका जन्माला आल्या, कारण लहान नगरपालिकेलाही वाट्यात किमान हिस्सा ठरलेला होता. गाव फोडलं की दोन हिस्से. मग २००० मध्ये कायदा करून पगारांवरचा खर्च निव्वळ चालू उत्पन्नाच्या ६० टक्क्यांपर्यंत बांधावा लागला. धडा सरळ आहे: प्रत्येक संस्थेमागे ठोक रक्कम ठेवू नका, माणसांमागे ठेवा, आणि आस्थापना खर्चाची, म्हणजे पगारांवरच्या खर्चाची, मर्यादा पहिल्याच दिवशी घाला, नाहीतर वाटा येण्याआधी भरती होते.

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या घटनेत कलम २२९ नगरपालिकांना मालमत्ता कराचा अधिकार देतं, कलम २१४ वाट्याचा कायदा करायला लावतं. त्या वार्षिक कायद्यात प्रत्येक नगरपालिकेला या वर्षी किती आणि पुढच्या दोन वर्षांत अंदाजे किती, हे नावानिशी छापलेलं असतं. आपल्याकडे आणण्यासारखी ही सगळ्यात स्वस्त सुधारणा. तरीही तिथल्या अनेक नगरपालिकांनी सरकारी वीज कंपनीची प्रचंड देणी थकवली आहेत, आणि प्रांतांना कलम १३९ वापरून कारभार हातात घ्यावा लागतो. हमी मिळाली म्हणून वसुली सुधारत नाही. ती वेगळीच सुधारावी लागते.

आपल्याकडची आणखी एक अडचण. सभागृहानं चांगला ठराव केला तरी तो टिकेल याची खात्री नसते. महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यातलं कलम ४५१ वापरून शासन ठराव विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी स्थगिती देऊ शकतात. बेकायदा ठराव रोखायला ही कलमं हवीतच. पण दरवाढीचा किंवा कामांच्या अग्रक्रमाचा ठराव निव्वळ राजकारणासाठी अडू नये, म्हणून कारणं लेखी देण्याची आणि ठरावीक मुदतीत निकाल देण्याची अट त्यात घालता येईल. हे राज्याच्या पातळीवरच होण्यासारखं आहे.

घटनादुरुस्तीचा रस्ता किती लांब आहे तेही बघा. सातव्या अनुसूचीतल्या सूचींना हात लावायचा तर कलम ३६८ प्रमाणे संसदेच्या दोन्ही सभागृहांत उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतांचं आणि एकूण सदस्यांच्या बहुमताचं गणित, शिवाय निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती. म्हणजे ज्यांचा अधिकार कमी होणार त्यांनीच हो म्हणायचं. १९८९ मध्ये पंचायती आणि नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देऊ पाहणारं ६४ वं आणि ६५ वं घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत पडलं, त्यातही राज्यांना डावलून केंद्र थेट खाली हात घालतंय हा आक्षेप होता. आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. म्हणून मी सातव्या अनुसूचीत चौथी सूची घालण्याच्या मागणीपेक्षा वर सांगितलेले छोटे बदल आधी मागीन. भाग नऊ-क मधली कलमं बदलायला निम्म्या राज्यांची संमती लागत नाही, संसदेचं विशेष बहुमत पुरतं.

आणि राज्याचा कायदा तर त्याहून जवळ आहे. केरळनं १९९६ पासून नियोजन खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे वळवला, आणि कुठल्या संस्थेला किती हे राज्याच्या अंदाजपत्रकाच्या चौथ्या परिशिष्टात छापायला सुरुवात केली. त्यासाठी घटनादुरुस्ती लागली नाही. महाराष्ट्रात २०१७ चा भरपाई कायदा आहेच. तीच रचना, म्हणजे आधारवर्ष, वार्षिक वाढ आणि मासिक आगाऊ हप्ता, नगरपरिषदांच्या सहायक अनुदानाला लावा, ही मागणी आमदाराला समजते आणि त्याला विधानसभेत मांडता येते. सह्यांच्या निवेदनात हे वाक्य घाला, आणि खाली लिहा की प्रत्येक नगरपरिषदेची पुढच्या तीन वर्षांची रक्कम राज्याच्या अंदाजपत्रकासोबत छापावी. निवेदन खासदाराला द्याच, पण प्रत आमदाराला आणि नगरविकास विभागालाही पाठवा.

हे चालू असताना गावात करायचं ते असं. माहिती अधिकाराखाली, दहा रुपयांच्या अर्जावर, घरपट्टी आणि पाणीपट्टीची मागणी, वसुली आणि शिल्लक यांची मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं मागा. थकबाकी आणि चालू मागणी वेगवेगळी मागा. एकत्र दिली तर टक्केवारी फसवी दिसते. शेवटची चतुर्थ वार्षिक आकारणी कधी झाली ते विचारा. महावितरणच्या जोडण्यांचा आकडा आणि घरपट्टीच्या नोंदींचा आकडा शेजारी ठेवा. जोडण्या बऱ्याच जास्त निघाल्या तर नोंदीबाहेरची घरं किती असतील याचा पहिला अंदाज येतो. थकबाकीदारांतल्या पहिल्या शंभर नावांत किती सरकारी कार्यालयं आहेत ते बघा, बऱ्याचदा मोठी रक्कम तिथेच अडकलेली असते. शास्तीमाफीच्या, म्हणजे थकबाकीवरचा दंड माफ करणाऱ्या, अभय योजनेला शक्य तितका विरोध करा. दर दोन वर्षांनी ती आली की वेळेवर भरणाराही पुढच्या खेपेला थांबतो.

पाण्याचं वेगळं. साठ हजार माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ८१ लाख लिटर पुरायला हवं. उपसा किती होतो ते पंपांच्या तासांवरून काढा. उपसा एक कोटी लिटरच्या पुढे असूनही टोकाच्या वस्तीला पाणी पोहोचत नसेल तर पाणी वाहिनीतच मुरतंय. प्रत्येक उंच टाकीतून बाहेर जाणाऱ्या वाहिनीवर मोठा मीटर बसवून घ्या, आणि रात्री वापर जवळपास नसताना एका वेळी एकाच झोनची झडप उघडी ठेवून टाकीची पातळी किती उतरते ते तीन-चार रात्री मोजायला सांगा. कुठल्या झोनमध्ये गळती जास्त आहे हे यातून कळतं, आणि ४० कोटींच्या आराखड्यातलं कुठलं काम आधी घ्यायचं हे ठरतं. बऱ्याच गावांत सगळी वाहिनी एकदम बदलण्याची गरज नसते. वाईट तुकडे टप्प्याटप्प्यानं बदलले तर पहिल्या टप्प्याचा हप्ता बराच लहान राहतो. मीटरची नोंद वर्षभराची झाली की तांत्रिक मान्यतेच्या प्रस्तावाला ती जोडा. अनुदान मागायला आणि कर्ज मागायला तोच कागद लागतो.